पालकांनी बाहेर थांबावे

१६ जून २०२५, सोमवार

ही डायरी रोपवाटिकेच्या नोंदींसाठी आणली होती. झेंडूचं बी कधी टाकलं, टोमॅटोचे ट्रे कुणाकडे गेले, असलं लिहायला. पण मी एखादी गोष्ट कागदावर उतरवली की करतेच, म्हणून आज वेगळं लिहिते. दिशाला कराटे शिकवायचं. कराटे नाहीतर तसलंच काहीतरी, पण याच महिन्यात.

कारणही लिहून ठेवते. एप्रिलमध्ये शेवटच्या पेपरच्या दिवशी मखमलाबाद रस्त्यावर बाइकवरच्या दोघांनी तिच्या दप्तराला हिसका दिला आणि हसत निघून गेले. ती सायकलसकट पडली. हे मला तिने सांगितलं नाही. रोपं न्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने पाहिलं होतं, त्यांनी सांगितलं, तेही मे महिन्यात. मी दिशाला विचारलं, का बोलली नाहीस? तर म्हणे, काही विशेष नव्हतं. मी त्याच दिवशी सायकलला कुलूप घातलं आणि अख्खी सुट्टी तिला स्कूटीवरून नेलं-आणलं. आता आठवीत गेली. किती दिवस मागे बसवून फिरवणार? तिने स्वतःच खमकं व्हायला हवं. माझ्यासारखं.

माझे मिस्टर कुंदन पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर आहेत. दिवसभर माणसं सांभाळतात, पण घरी दोन वाक्यांच्या वर बोलत नाहीत. आज म्हणाले, "तिला विचारलंस का?" यात विचारायचं काय? गोवराची लस टोचताना विचारलं होतं का?

१९ जून, गुरुवार

तीन क्लास पाहिले, तिन्ही एकाच दिवसात. दिशा स्कूटीवर मागे बसून होती.

पहिला तायक्वांदोचा, पंचवटीतल्या एका शाळेच्या मैदानावर. शिकवणारे सर मुलांशी थट्टामस्करी करत होते, मुलं खिदळत लाथा मारत होती. दिशा म्हणाली, "इथं बरं वाटतंय." बरं वाटायला बाग आहे की. दुसरा गंगापूर रोडवरच्या जिममध्ये, किकबॉक्सिंग. भिंतभर आरसा, कानठळ्या बसवणारी गाणी, आणि तिथली बाई पूर्ण वेळ माझ्या कमरेबद्दल बोलत होती.

तिसरा मात्र पाहताक्षणी पटला. आमच्या कॉलनीमागच्या हॉलमधला कराटेचा. आत चाळीस मुलं होती पण टाचणी पडली तर ऐकू आली असती. एका आवाजावर सगळे हात एकदम पुढे. समाधानसर पस्तिशीचे असतील, ताठ, एक शब्द जास्त नाही. भिंतीवर त्यांचे कप आणि फोटो. दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट, म्हणाले, लेखी देतो. मला त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मुलगी हट्टी आहे का?" मी म्हटलं, फार. म्हणाले, "निघून जाईल."

दारावर पाटी आहे, ‘पालकांनी बाहेर थांबावे’. अगदी बरोबर. कलम बांधताना गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहिलं की माझाही हात बिघडतो. मी सरांना सांगून आले, हवं तितकं कडक व्हा, माझी तक्रार नसेल.

८ जुलै, मंगळवार

तीन आठवड्यांत फरक दिसतो आहे. दिशा उलट उत्तर देत नाही. जेवताना मोबाइल बघत नाही. क्लासच्या दिवशी पावणेपाचलाच तयार होऊन पायरीवर बसते, सहाचा क्लास असला तरी.

चांगली गोष्ट आपल्यापुरती ठेवू नये. कॉलनीतल्या पाच घरांना मी जाऊन पटवलं, पाचही घरांतून मुलं क्लासला लागली. आणि योगिनीलाही मीच घातलं. योगिनी म्हणजे आमच्या साळूबाईची नात. साळूबाई नऊ वर्षं माझ्या रोपवाटिकेत कामाला आहे, पिशव्या भरायला तिच्यासारखा हात नाही. मुलगा आणि सून पिंपळगावला कोल्ड स्टोरेजवर, नात हिच्याजवळ. दहा वर्षांची, काडीपैलवान. मी साळूबाईला म्हटलं, दिशाबरोबर जाईल आणि दिशाबरोबर येईल, तुम्हाला काही बघायचं नाही. साळूबाईने मान हलवली. फार बोलत नाही ती, पण तिला बरं वाटलं असणार.

२७ जुलै, रविवार

दिशाच्या नडग्यांवर निळे डाग आहेत. आज कपडे बदलताना दिसले. मी विचारलं तर म्हणाली, सगळ्यांनाच असतात. शाबास म्हटलं. हळदीचा लेप दिला. आजकाल घरातही लांब पायजमाच घालते, मोठी होत चालली.

१७ ऑगस्ट, रविवार

दिशाला पदक मिळालं! एका मंगल कार्यालयात स्पर्धा होती, बॅनरवर ‘राष्ट्रीय’ लिहिलेलं. रौप्यपदक, गळ्यात तिरंगी फीत. योगिनीला कांस्य. मी दोघींचे फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकले.

परत येताना कुंदन म्हणाले, "हरलेलं कुणीच दिसलं नाही तिथं." यांना कौतुक म्हणून करता येत नाही. मागे वळून दिशाला म्हटलं, बघ, पप्पांना पदकसुद्धा पुरत नाही. ती खिडकीबाहेर बघत होती. पदक तिने पिशवीत टाकलं होतं, मी काढून देव्हाऱ्याशेजारी टांगलं.

३० ऑगस्ट, शनिवार

गणपतीची धावपळ आहे. पंचवटीत फुलं पोचवायची, त्यात रस्ते खणून ठेवलेले, दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास. आणि नेमकं आजच दिशाच्या पोटात दुखतंय. गुरुवारीही दुखत होतं. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि शाळेत काही ताण आहे का विचारलं. मी सांगितलं, शाळेत उत्तम चाललंय, कराटेत पदक आहे. ओव्याचा अर्क देऊन क्लासला सोडलं. एकदा सूट दिली की सवय लागते.

११ सप्टेंबर, गुरुवार

योगिनीचा हात मोडला. सव्वासातला समाधानसरांचा फोन आला की दोरीच्या उड्या मारताना पोरगी पडली, घेऊन जा. मी स्कूटीवर घालून तिला दवाखान्यात नेलं. मनगटाच्या वर दोन्ही हाडं. कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. साळूबाई आली तेव्हा प्लास्टर वाळत होतं. तिने नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलंच नाही. घाबरली असेल.

दिशा घरी येऊन रडत बसली, जेवली नाही. फार हळवी आहे अजून. मी समजावलं की खेळात असं होतं. त्यावर ती जास्तच रडली.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज नीट लिहायचं आहे. जसं झालं तसं.

दुपारी साडेचारला दिशाला म्हटलं, आवर. ती पलंगावर बसून राहिली. म्हणाली, मी जाणार नाही. मी आवाज चढवला. ती उठली नाही. मी हात धरला तर तिने सोडवून घेतला आणि म्हणाली, "योगिनी दोरीवरून पडली नाही. मी पाडलं तिला."

मी खाली बसले.

तिने जे सांगितलं ते असं. गुरुवारी सरांनी तिला योगिनीसमोर उभं केलं. पायात पाय घालून खाली आण म्हणाले. दिशा म्हणाली, सर, ती लहान आहे, आणि खाली मॅट नाही. त्यावर सरांनी सगळ्या चाळीस मुलांना गुडघे वाकवून उभं केलं. दिशा मारेपर्यंत कुणी सरळ व्हायचं नाही. मुलं कण्हायला लागली, एकदोघं रडायला लागली, मागून कुणीतरी म्हणालं, मार ना एकदाची. योगिनी स्वतःच म्हणाली, "मार ताई, मला लागत नाही." मग हिने मारलं. नंतर सरांनी सगळ्यांना सांगितलं, दोरीवरून पडली असंच सांगायचं.

हे पहिल्यांदा नव्हतं. नडग्यांवरचे डाग लाकडी पट्टीचे होते. चुकलं की पट्टी.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, सर सांगतात तसं कर."

मी म्हटलं नसतं असं, हे म्हणणार होते. म्हटलंच असतं.

सहा वाजता मी हॉलवर गेले. पाटी वाचली, आत गेले आणि भिंतीला टेकून बसले. सर म्हणाले, बाहेर थांबा. मी म्हटलं, आज बसणार. मुलं तशीच ओळीत होती, तेच एकदम पुढे जाणारे हात. जूनमध्ये मला यात शिस्त दिसली होती. आज मी चेहऱ्यांकडे बघत होते. चाळीस मुलांपैकी एकाही मुलाने मान वळवून मी कोण ते पाहिलं नाही. या वयाची मुलं, आणि मागे दार वाजल्यावर कुणी बघत नाही.

मी दिशाने सांगितलेलं सगळं सरांना विचारलं, मुलांसमोरच. त्यांनी नाकारलं नाही. म्हणाले, तुमची मुलगी मऊ आहे, मी ते काढतोय. मी म्हटलं, ते काढायचं नाहीये. तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "हवं तितकं कडक व्हा, असं तुम्हीच सांगून गेला होतात, मॅडम."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी साळूबाईच्या घरी गेले. नऊ वर्षांत दोनदाच गेले असेन. बरोबर दिशा होती. तीच म्हणाली, मी येते.

दिशाने योगिनीला सॉरी म्हटलं. योगिनी म्हणाली, मला माहितेय ना, आणि प्लास्टरवर काढायला तिला स्केचपेन दिलं. पोरींचं तेवढ्यात झालं.

मी साळूबाईला सगळं सांगितलं आणि माझं चुकलं असं म्हटलं. तिला आधीपासून माहीत होतं. योगिनीने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, क्लासच्या दिवशी ती चादरीत तोंड घालून रडायची. मी म्हटलं, मग मला बोलायचं नाही का?

साळूबाई चहा गाळत होती. म्हणाली, "वहिनी, तुमी चांगल्यासाठीच घातलं व्हतं. पन मला इचारलं नव्हतं. नाय म्हनले असते तर दुसऱ्या दिवशी कामावर कोन्त्या तोंडानं यायचं?"

मी तिला किती वेळा सांगितलंय की साळूबाई, तुम्ही घरच्याच. चहा पिऊन आले. फार गोड होता, सगळा प्यायले.

१७ सप्टेंबर, बुधवार

पाच घरं. ज्या दारांत जाऊन जुलैमध्ये पटवलं, त्याच दारांत जाऊन सांगितलं की मी तुम्हाला चुकीच्या ठिकाणी पाठवलं, पोराला एकटं बसवून विचारा. आयुष्यात एवढं अवघड काही केलं नाही. तिघांनी मुलं काढली. एका घरात आई मुलाला विचारायला आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. चौथे म्हणाले, विचार करतो. पाचवे म्हणाले, थोडं लागल्याशिवाय पोरं घडत नाहीत, तुमच्या मुलीला जमलं नाही म्हणून क्लास वाईट का? मी भांडले नाही. त्यांच्या जागी जून महिन्यातली मीच बसलेली दिसत होते.

हॉलच्या समितीला अर्ज दिला. खाली मी, साळूबाईची सून आणि त्या तिघी आया, अशा सह्या. योगिनीच्या एक्स-रेची प्रत जोडली. समितीने सरांना सांगितलं की यापुढे दार उघडं ठेवून शिकवा. सरांनी येत्या शनिवारी इथून सामानच हलवलं तरी नवल नाही. आता जिथे जातील तिथे कोण सांगणार, ते मला माहीत नाही. म्हणून मी पोलीस चौकीतही लेखी तक्रार देऊन आले. कुंदन बरोबर आले. हवालदारांसमोर ते सलग दहा मिनिटं बोलले, मी बघतच राहिले.

४ ऑक्टोबर, शनिवार

दसऱ्याचा झेंडू संपला. तीन दिवस हात पिवळे होते, आज पाय पसरून बसले तर दिशा शेजारी येऊन बसली. म्हणाली, "आई, मला ज्युदो बघायचाय." वर्गातली एक मुलगी पंचवटीत जाते म्हणे.

माझ्या मनात चार प्रश्न आले. ज्युदोच का? पुन्हा कशाला? शिकवणारं कोण आहे? दहावीपर्यंत थांबलं तर? म्हटलं, "कधी जायचं?"

६ ऑक्टोबर, सोमवार

भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत जुना हॉल. दार सताड उघडं, आत हिरव्या मॅट, कडेला बाक आणि बाकावर दोन आज्या शेंगा सोलत बसलेल्या. शिकवणाऱ्या सुवर्णाताई पन्नाशीच्या आहेत, एका गुडघ्याला पट्टा. मुलं एकमेकांना धरून पाडत होती, पण ज्याला पाडलं त्याची बाही पाडणारा सोडत नव्हता. डोकं आपटू नये म्हणून वर ओढून धरायची. कुणी हाताने दोनदा थोपटलं की समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं. एका मुलाने उशिरा सोडलं तर ताईंनी त्याला बाजूला घेऊन बराच वेळ समजावलं. आवाज चढवला नाही.

मी बेल्टचं विचारलं. म्हणाल्या, ते सांगता येत नाही, ज्याचं त्याच्यावर. मी कराटेच्या क्लासची सगळी हकीकत सांगून कराटेलाच नावं ठेवायला लागले, तर त्यांनी थांबवलं. त्यांची सुरुवात कराटेनेच झाली होती आणि ते गुरुजी अजून दिवाळीला फराळाला येतात. "खेळ कुठला ते नंतर," म्हणाल्या. "शिकवणारा माणूस बघायचा, आणि तिथली सगळ्यात लहान पोर कशी वागते ते बघायचं."

मग त्यांनी विचारलं, का शिकायचंय? मी सुरू केलं, एप्रिलमध्ये काय झालं की...

"मी तिला विचारलं," ताई म्हणाल्या.

मधे बोलू नये म्हणून मी बाकाची कड धरून ठेवली. शेवटी ती म्हणाली, "समोरच्याला लागू न देता पाडता येतं का?"

सुवर्णाताई म्हणाल्या, "त्यालाच वेळ लागतो. आधी स्वतः पडायला शिकायचं." आणि मला म्हणाल्या, आठ दिवस नुसतं येऊन बघा, मग ठरवा. म्हणजे तिने ठरवू दे.

१९ ऑक्टोबर, रविवार

तिने ठरवलं. पहिला आठवडा नुसतं पडणं. मागे पडणं, कुशीवर पडणं, हात मॅटवर आपटून पडणं. मी बाकावर बसून म्हणत होते, पुढचं कधी? शेजारच्या आजी म्हणाल्या, माझा नातू तीन आठवडे पडत होता, शेंगा घ्या.

पोटात दुखणं बंद आहे. हे मी दिशाला बोलून दाखवलं नाही. डायरीत लिहिते फक्त.

९ नोव्हेंबर, रविवार

योगिनीचं प्लास्टर निघून दोन आठवडे झाले. हात बारीक झालाय पण सरळ बसलाय. मी साळूबाईला विचारलं, योगिनीला दिशाबरोबर ज्युदोला पाठवता का. आधी जागा चांगली वाटते का ते तुम्ही येऊन बघा, इतकंच म्हटलं. पुढचं गिळलं.

साळूबाई पिशवीत माती भरत होती. हात न थांबवता म्हणाली, "नाय. या वर्सी नको. पोरगी म्हनती, तिला गानं शिकायचं."

मी बरं म्हटलं. आणि खरंच बरं वाटलं. गाण्याचा क्लास कुठे चांगला आहे ते मला ठाऊक आहे, पण तिने विचारलेलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

येवल्याला दिशाची पहिली स्पर्धा. एका शाळेचा हॉल, चार क्लासची मुलं, बॅनरवर तारीख आणि गावाचं नाव, बस. सकाळच्या एसटीने गेलो. कुंदनसुद्धा आले. सीझन तोंडावर असताना सुट्टी घेतली.

दिशासमोर येवल्याचीच एक मुलगी, तिच्यापेक्षा टीचभर बुटकी. मी मनात म्हटलं, जिंकली ही. वीस सेकंदांत दिशा पाठीवर होती. इतक्या स्वच्छ पडली की आवाज आला फक्त तळहाताचा. त्या मुलीने बाही धरून तिला उठवलं, दोघी वाकल्या, दिशा बाहेर आली. मी बाकावरून अर्धी उठले होते. पंचांशी बोलायला की तिला जवळ घ्यायला, देव जाणे. कुंदननी पदर धरून खाली बसवलं. दिशा आमच्याकडे न येता त्या मुलीमागे गेली आणि कोपऱ्यात तिच्याकडून तो डाव परत करून घेत होती, तीनदा.

हरलेल्यांना काही नव्हतं. केळं मिळालं.

परतीच्या गाडीत तिने सगळं सांगितलं. विंचूर येईपर्यंत सांगत होती. माझ्या स्वेटरची कॉलर धरून दाखवलं की ती मुलगी आधी इकडे खेचते, मग आपण तिकडे जोर लावतो आणि तिथेच फसतो. पुढच्या सीटवरचे एक बाबा वळून बघत होते. मला निम्मं कळलं नाही. मी मधे बोलले नाही.

मग म्हणाली, "आई, तुला वाटलं होतं मी जिंकेन?"

"हो."

"मला नव्हतं वाटलं. सकाळपासून माहीत होतं." तिने उरलेलं केळं सोललं. "तरी गेले मी."

अर्धं मला दिलं, अर्धं पप्पांना.